बंदुकीविना शिकारखाना

दाना ओली, लष्कर, ग्वाल्हेर
ता. १९ नोव्हेंबर १९५७

तीर्थस्वरूप विश्वासदादांच्या चरणी जगदेवचा साष्टांग नमस्कार. भोपाळच्या हवेत आपली पाठदुखी उतरली असेल आणि वहिनींना तिथलं पाणी मानवलं असेल, असं धरून चालतो. इकडे सगळे खुशाल. (सगळे म्हणजे जे कचेऱ्यांबरोबर भोपाळला गेले नाहीत ते.)

संस्थान विलीन झालं तेव्हा आमचा शिकारखाना जंगल खात्यात गेला आणि गेल्या वर्षी राजधानीसोबत माझी जागाही उडाली, हे आपण जाणताच. वीस वर्षं मी हाका घालून जनावरं पाहुण्यांच्या बंदुकीपुढे आणली. दुसरं काही येत नाही. म्हणून ठरवलं, पाहुणे न्यायचे, पण बंदूक घरी ठेवून. सुजानपुऱ्याच्या तळ्यात, पाण्यात उभ्या बाभळींवर जांघिल (पिवळी लांब चोच, गुलाबी शेपूट, करकोच्यांचे भाऊबंद) घरटी करतात. तेच दाखवायचे. तिथला पंचम नावाडी भागीदार झाला.

पहिल्या रविवारी अठरा माणसं लॉरीत घातली. ‘रानातली शांतता अनुभवा’ असं मी पाटणकर बाजारात कर्णा घेऊन ओरडलो होतो, पण शांततेत कंटाळा नको म्हणून शेजारच्या सुमनताई ग्रामोफोन घेऊन आल्या. तळ्याशी पोचताच लॉरीचा भोंगा अडकला तो थांबेचना. झाडून सगळे पक्षी उडाले. मंडळींनी मग पुरीभाजी खाल्ली आणि उष्ट्या पत्रावळी पाण्यात सोडल्या. निवृत्त शिरस्तेदार सदाशिवराव म्हणाले, “जगदेवराव, हे तरंगतात तेच का तुमचे जांघिल?”

पंचम नाव सोडून काठावर जाऊन बसला. “पहले पत्तल निकालो, फिर नाव चलेगी।” मी मालकासारखं दरडावलं, भागीदारासारखं समजावलं, शेवटी हात जोडले. तो ढिम्म. तेव्हा शांताताई (सदाशिवरावांच्या मंडळी, वय पासष्ट) पदर खोचून गुडघाभर पाण्यात शिरल्या. मग लाजेकाजेने बाकीचेही शिरले.

ऊन उतरलं तसे जांघिल परतले. एकेक, पाय लोंबते सोडून, आपापल्या घरट्यावर. दादा, दाना ओलीतली अठरा माणसं पाऊण तास गप्प होती! मी तर डोळे पुसत होतो. हाकलून दिलेलं जनावर आपणहून परत आलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

तेव्हा हा धंदा आता सोडणार नाही. दर रविवारी जायचं. भोंग्याची तार आधी काढायची, ग्रामोफोन घरी, जेवण डब्यात. लोक हसतात (“देखने के लिए इतनी दूर?”), हसू देत.

आपला आज्ञाधारक,
जगदेव

ता. क. त्या बाभळी तोडून लाकूड लिलावात काढण्याचा जंगल खात्याचा हुकूम परवा आला. मुदत पंधरा दिवस, आणि खाली सही आपली. हुकूम मागे घ्यावा ही विनंती. तोवर पंचम आणि मी उद्यापासून तळ्यावरच मुक्कामाला जातो. कुऱ्हाडवाल्यांना आधी आम्हाला उचलावं लागेल.

आणखी एक. फाइलीत मुळात अर्ज कोणाचा, हे पाहून रागावू नये. ‘झाडांआड पाहुण्यांना तळे नीट दिसत नाही, सबब काढावीत’ असं जूनमध्ये मीच लिहिलं होतं. जांघिल बसतात कशावर, हे तेव्हा पंचमने सांगितलं नव्हतं. (मी विचारलंही नव्हतं.)