प्लेटांवर मोहाची सावली

९ मार्च
बसला एकदाचा सोलर पंप! भर दुपारी विहिरीतून धो धो पाणी. आता प्रणितला उन्हाळी धानासाठी रात्री शेतात जायला नको. शेजारच्या कोलूभाऊंच्या विजेच्या मोटारीवरून पाणी घ्यायचं तर शेतीची लाईट रात्रीच येते. तो वाघाच्या रानात, मी घरी जीव मुठीत धरून. संपलं ते!
सासऱ्यांची कुरकूर आहेच. "डिझल इंजन बरं होतं. पाह्यजे तवा सुरू." डिझेल कोण ओतणार त्यात?

२४ एप्रिल
दुपारी पंप बंद. सुरू झाला, पुन्हा बंद.

२५ एप्रिल
कळलं! विहिरीजवळच्या मोहाला पालवी आली आणि सावली थेट सोलरच्या प्लेटांवर. कंपनीचा माणूस जागा पाहायला आला तेव्हा झाड उघडंबोडकं होतं. त्यानं ऊन पाहिलं अन् खांब रोवले. त्याला काय माहीत? पण आम्ही? जन्म गेला मोहाखाली फुलं वेचण्यात, अन् एकाच्याही तोंडून निघालं नाही की वैशाखात हा डेरेदार होतो! डोकं फुटायची वेळ आली.

२६ एप्रिल
कंपनीला फोन केला. "झाड तोडा ना मॅडम." खांब हलवा म्हटलं, तर खर्च आमचा, शिवाय वॉरंटी जाते. ऊन म्हणे फुकट! फुकट कसलं? विजेचं कनेक्शन मागावं, तर सोलर घेतलं म्हणून तो अर्जच रद्द! एक हातात दिलं, दुसरं काढून घेतलं. आणि हे सगळं विचारलं कोणी आम्हाला?
सासूबाई झाडाला हात लावू देत नाहीत. "माह्या सासूनं हा मोह मले देल्ला. मी तुले देऊन राह्यली. तोडून तू कोणाले काय देशीन वं?"
"वाघानं तुमच्या पोराले नेलं त मोह काय करन?" बोलले मी. त्या उठून आत गेल्या. वाईट वाटलं, पण बोलले ते बरंच केलं.

२८ एप्रिल
लोंब्या भरताहेत, पाणी तुटलं तर सगळं पळंज, दाणाच भरणार नाही. प्रणित पुन्हा रात्रीचा कोलूभाऊंच्या पाण्यावर निघाला. शेताच्या धुऱ्यावर वाघाचे पंजे दिसले म्हणतो, अन् तरी गेला! इतका राग आला की डबासुद्धा दिला नाही.

३० एप्रिल
बस झालं. फांद्या छाटून पाहिल्या, भागत नाही. गावातल्या इसरूला सांगितलं, उद्या सकाळी कुऱ्हाड घेऊन ये. झाड तोडायच्या परवानगीचं नंतर पाहू. प्रणित मान खाली घालून "बरं" म्हणाला अन् आजच्या रात्रीपुरता म्हणून पाण्यावर गेला.
सासूबाई जेवल्या नाहीत. नका जेवू!

१ मे
इसरू कुऱ्हाड घेऊन गेला तर मोहाच्या वरच्या फांदीला प्रणित बिलगून बसलेला. रात्रभर. खाली त्याची एक चप्पल आणि बुंध्याभोवती पंजेच पंजे.
इसरूला चहा पाजून परत पाठवलं.
दुपारी पंप बंद पडला. धानाला पाणी अजून हवंच आहे.