तुमची आई हट्टी नव्हती

मी, वय वर्षे एकोणऐंशी, कारखान्यातला निवृत्त स्टोअरकीपर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचे तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी आजच तपासून सांगितले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. लाज आहे, पण कायदा तिला दबाव म्हणत नाही. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर माझ्या पश्चात मुलगा व मुलगी यांना निम्मे-निम्मे. मुलाने गच्चीची गळती स्वतःच्या पैशाने बंद केली, तेव्हा "तुला कोणी सांगितलं होतं?" असे मी विचारले होते. ते मागे घेतो.

२. हत्यारांची पेटी मुलाला. पाने तेल लावून ठेवले आहेत.

३. बँकेतील मुदतठेव. ही ठेव आहे हे तुमच्या आईला शेवटपर्यंत ठाऊक नव्हते.

घरातल्या वस्तू सगळ्या एका वयाच्या, त्यामुळे एकामागून एक थकल्या. फ्रिजचा कॉम्प्रेसर गेला, दोन महिन्यांत गिझर गळू लागला, मग वॉशिंग मशीन थांबले. प्रत्येक दुरुस्तीला मला वाटे, कोणीतरी माझ्या खिशात हात घालत आहे. मेकॅनिकने मशीन उघडले आणि मोटर बदलावी लागेल म्हणाला. आकडा ऐकून मी त्याला जिन्यात, शेजाऱ्यांच्या देखत, चोर म्हणालो. तो सामान गोळा करून गेला. तुमच्या आईला मी सांगितले, "सध्या पैसे नाहीत. पुढच्या महिन्यात बघू." पैसे होते. तो पुढचा महिना तीन वर्षे आला नाही.

तिने चादरीसुद्धा हाताने धुतल्या. मुली, तू सुट्टीत आलीस तेव्हा विचारलेस, "आई, घरात मशीन असताना हे काय?" पेपरातून मान वर न काढता मी म्हणालो, "तिला मशीनचं धुणं पटत नाही." तिने एकदा माझ्याकडे बघितले. मग म्हणाली, "हो गं, हाताचीच सवय." तू तिला हट्टी म्हणालीस.

पुढे ओल्या कपड्यांची बादली गच्चीवर नेताना ती जिन्यात पडली. खुबा मोडला, आणि ती अंथरुणातून उठलीच नाही. तिच्या उशाशी बसूनही तू म्हणालीस, "माझं ऐकलं असतंस तर?" ती गेल्यापासून तू मला फोनवर विचारत आली आहेस, "बाबा, मी आईला फार बोलले का हो?" दर वेळी मी "जाऊ दे" म्हणून विषय बदलला. एका वाक्यात तुझा जीव हलका झाला असता, पण ते माझ्या तोंडून निघाले नाही. आता लिहितो. ती हट्टी नव्हती. मी खोटे बोललो आणि तिने माझी अब्रू झाकली.

ही ठेव पूर्णपणे मुलीला. ही भरपाई नव्हे. ते पैसे माझ्याने हातात धरवत नाहीत. मुलाने हरकत घेऊ नये.

४. हे मृत्युपत्र दोघांनी शेजारी बसून मोठ्याने वाचावे. तिसरे कलम गाळू नये.

साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही. तरी मी त्या मेकॅनिकला बोलावून कागद हातात दिला.

"काका, मला कशाला वाचायला देताय?"

"तुला चोर म्हणालो होतो म्हणून."

त्याने शेवटपर्यंत वाचले. पेन उचलले आणि पुन्हा खाली ठेवले. "काकूंचा नंतर मला फोन आला होता. म्हणाल्या, थोडे थोडे करून पैसे देते, पण ह्यांना सांगू नकोस. मी रागात होतो. म्हटलं, तुमच्या दारात पाऊल ठेवणार नाही." कागद माझ्याकडे सरकवून म्हणाला, "हेही लिहा."

लिहिले. मग त्याने सही केली.

ठिकाण : राहते घर
तारीख : चार मार्च

मृत्युपत्र करणाऱ्याची सही
साक्षीदार १ : मेकॅनिक (सही)
साक्षीदार २ : तळमजल्यावरच्या डॉक्टर (सही)