भेगेवरची काच

ता. ४ जून

चि. छोटीस,

अनेक आशीर्वाद. जिथे तुझी बदली झाली, त्याच शहरातल्या जुन्या चौकातलं चर्च मी बारा वर्षांपूर्वी दुरुस्त केलं, हे तुला पाठच असेल. मीच दहादा ऐकवलंय. आता इमारत कार्यालय म्हणतं, डावी भिंत सरकतेय, गवंड्यानं काम वाईट केलं, चर्च बंद करा. माझं काम वाईट! त्या भिंतीतली भेग भरून तिच्यावर मी आडवी काचेची पट्टी बसवली होती. भिंत हलली की काच तडकते. माझे गुडघे मला जिनासुद्धा उतरू देत नाहीत, म्हणून तू जा आणि काच बघ. अखंड असेल तर एकेकाचं तोंड बंद करतो.

लोभ आहेच, तो कामाला लाव.

तुझा दादा

ता. १९ जून

ती. दादास,

सा. न. वि. वि. तीन संध्याकाळी तुझ्या चौकात घालवल्या. पहिल्यांदा दाराला कुलूप. दुसऱ्यांदा पहारेकरी म्हणाला, कार्यालयाची चिठ्ठी आणा. कार्यालय म्हणालं, पहारेकऱ्याला विचारा. परक्या राज्यकर्त्यांनी चौकभर कमानी बांधल्या, पण एकीखालीही बाकडं नाही. घंटेचा मनोरा बघून बघून मान मोडली.

तिसऱ्यांदा प्रार्थनेला आलेल्यांबरोबर आत गेले. काच अखंड! मी टाळीच वाजवली, प्रार्थनेला बसलेल्यांनी वळून पाहिलं. पण काच फारच लख्ख होती. झाडलोट करणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं, तर तो कौतुकानं म्हणाला की फुटकी काच देवाच्या घरी बरी दिसत नाही, म्हणून फुटली की तो नवी बसवतो. ही पाचवी. मी कपाळावर हात मारून घेतला.

दादा, ‘काच अखंड आहे’ एवढंच लिहावं असं दोन दिवस मनात होतं. रागावू नकोस, लोभ राहू दे.

तुझी छोटी

ता. २३ जून

चि. छोटीस,

अ. आ. पत्र वाचून आधी म्हाताऱ्याला शिव्या घातल्या, मग तुला, मग स्वतःला. पाया न उकरता भेग वरवर भरली ती मीच. तुझी वहिनी म्हणाली, आता तरी गप्प बसा. नाही बसलो. कार्यालयाला तार केली: काम माझं, चूक माझी, आजच कुलूप लावा.

तू पत्र मिळताच तिथे जा. कुलूप लागेपर्यंत डाव्या भिंतीजवळ कुणाला बसू देऊ नकोस. भांडावं लागलं तर भांड, त्यात तू हुशारच आहेस.

नाव गेलं याचा संताप आहे, खोटं कशाला सांगू? पण भिंत पडेल ती तिथे बसणाऱ्यांवर, आणि त्यांना माझं नाव कुठे ठाऊक आहे?

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा