नहर कहकशाकडे, नाव शिवराजकडे

मृत्युपत्राच्या आधी घटनाक्रम देण्याची पद्धत नाही. पण तो नसेल तर कलम ७ वाचणाऱ्याला काही कळणार नाही, म्हणून देते.

१. मी ‘नहर’ नावाचे समाजमाध्यम चालवते. ते कोणत्याही कंपनीचे नाही. सर्व्हर माझ्या खोलीत आहे. सदस्य सुमारे चारशे, बहुतेक याच जिल्ह्यातले. इतर गावांतल्या लोकांनी चालवलेल्या अशाच सर्व्हरशी नहर जोडलेली आहे. त्यांत कोणी कोणाचा मालक नाही. ज्याला दुसऱ्याचे पटत नाही तो जोडणी तोडतो.

२. नहरवर एक पद्धत आहे. कोणाचा मजकूर काढायचा असेल तर आधी त्याला फोन करायचा आणि त्याचाच मजकूर त्याला मोठ्याने वाचून दाखवायचा. बहुतेक लोक अर्ध्यावरच थांबवतात आणि स्वतः काढतात.

३. जानेवारीत, महापालिकेच्या प्रचारात, माझा मोठा भाऊ शिवराज याने औरंगपुऱ्यातल्या त्याच्या फ्लेक्सच्या दुकानातून समोरच्या चष्म्याच्या दुकानापुढच्या रांगेचा फोटो काढला आणि नहरवर टाकला. खाली लिहिले: ‘मतदानासाठी बाहेरून आणलेली माणसं. ओळखून ठेवा.’

४. रांग मोफत डोळे तपासणीची होती. दुकान चांदपाशा यांचे. त्यांची मुलगी कहकशा माझ्याबरोबर नहरची देखरेख करते.

५. तोच फोटो शिवराजने मोठ्या कंपनीच्या माध्यमावरही टाकला. कहकशाने तिथे तक्रार केली. उत्तर आले: ‘आमच्या नियमांचे उल्लंघन आढळले नाही.’ पुढच्या आठवड्यात त्याच कंपनीने चांदपाशांच्या दुकानाचे पान बंद केले, कारण त्याविरुद्ध पुष्कळ तक्रारी आल्या होत्या. फोन करायला तिथे कोणी नाही.

६. नहरवर मी निर्णय घेऊ शकत नव्हते, लिहिणारा माझा भाऊ. कहकशाही घेऊ शकत नव्हती, दुकान तिच्या वडिलांचे. नात्यातल्या माणसाबाबत निर्णय घ्यायचा नाही, हा नियम मीच लिहिलेला आहे. फोटो दीड दिवस तसाच राहिला. तेवढ्यात पुण्यातल्या एका सर्व्हरने नहरशी जोडणी तोडली. ती अजून तुटलेली आहे.

७. शेवटी फर्दापूरच्या संघपालला बोलावले. तो लेण्यांवर गाइड आहे आणि नहरचा जुना सदस्य. त्याने शिवराजला फोन करून मजकूर वाचून दाखवला. शिवराजने काढायला नकार दिला. संघपालने काढला.

८. त्या संध्याकाळी शिवराजने मला सांगितले की नहरचे डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचे नाव, त्याच्या खात्यावर आहे. मुदत ३१ मार्चला संपते. पुढे भरायचे की सोडून द्यायचे ते तो बघेल. हे खरे आहे. मी शिकत असताना माझ्याकडे कार्ड नव्हते, म्हणून नाव त्याच्या कार्डावर घेतले. बदलून घ्यायचे राहिले.

९. २४ मार्चला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे.

आता मृत्युपत्र.

मी, अपेक्षा सोमनाथ गव्हाणे, वय २९, व्यवसाय नोकरी (नेटवर्क अभियंता, वाळूज), मूळ राहणार फर्दापूर, सध्या सिडको, छत्रपती संभाजीनगर, हे स्वतः टाइप करत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी सांगितले म्हणून लिहीत नाही. उलट घरच्या सर्वांनी लिहू नको म्हणून सांगितले. डॉक्टरांच्या मते धोका शंभरात तीन आहे. एवढा धोका असताना मी बॅकअपशिवाय कोणतेही काम हाती घेत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. बँकेतली शिल्लक आणि कंपनीकडून जे मिळेल ते माझी आई द्वारकाबाई हिला. बाबांच्या नावावर शेत आहे, आईच्या नावावर काही नाही. बाबांनी हे वाचून वाईट वाटून घेऊ नये.

कलम २. स्कूटर आईच्या मर्जीने कोणालाही द्यावी. पुढचा ब्रेक उशिरा लागतो, हे घेणाऱ्याला सांगावे.

कलम ३. हत्यारांची पेटी कंपनीतली सहकारी सायली हिला. केबलची टोके दाबायची पक्कड तिने दोन वर्षांपूर्वी नेली आहे. ती परत करण्याची आता गरज नाही. बाकीची पेटी त्या पकडीच्या जोडीला असू द्यावी.

कलम ४. माझा श्रद्धांजलीचा फ्लेक्स कोणत्याही चौकात लावू नये. शिवराजचा हा धंदा आहे, त्यामुळे हे स्पष्ट लिहिणे भाग आहे. मी इंजिनीअर झाले तेव्हा त्याने अभिनंदनाचा फ्लेक्स लावला होता. त्यावर नेत्यांचे फोटो सात होते आणि माझा खालच्या कोपऱ्यात होता. आमच्या वर्गातल्या मुलीने विचारले होते, ‘पास कोण झालं गं, हे मधले काका?’ फ्लेक्स लावायचाच असे आई म्हणाली तर घराच्या दारात, लहान, नेत्यांची पट्टी नसलेला.

कलम ५. मोठ्या कंपनीच्या माध्यमावरचे माझे खाते बंद करावे. त्यासाठी ते मृत्यूचा दाखला मागतात आणि मग पुष्कळ दिवस काही कळवत नाहीत. पासवर्ड संघपालकडे बंद पाकिटात आहे. दाखला पाठवत बसू नये, सरळ आत जाऊन बंद करावे. नहरवरचे माझे खाते महिनाभर ठेवावे, मग काढावे. त्या महिन्यात माझ्याविषयी कोणी वाईट लिहिले तर ते काढू नये. फोन करून वाचूनही दाखवू नये.

कलम ६. नहरचा सर्व्हर, इन्व्हर्टर, बॅकअपच्या दोन डिस्क आणि सर्व चाव्या, म्हणजे पासवर्ड, कहकशा चांदपाशा शेख हिला. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. माझ्यापेक्षा कमी तांत्रिक आहे आणि माझ्यापेक्षा जास्त लोकांना फोन केले आहेत.

तिला हे नको होते. विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘मेरेकू नक्को दे. लोगां बोलेंगे, दुकान का बदला लेने बैठी.’

मी म्हटले, बोलतील.

‘और तेरा भाई?’

तो आत्ताच बोलतो आहे, असे मी सांगितले. रोजा सुटल्यावर तिचा फोन आला. ‘हौ. मगर अकेली नै. मेरेकू हटाने का रास्ता भी लिख.’

हटवण्याचाच प्रश्न शिवराजने जानेवारीत त्याच्या दुकानात मला विचारला होता, वेगळ्या सुरात. मशिनीवर कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स निघत होता आणि त्या आवाजावर तो बोलत होता. ‘तुला कोणी निवडून दिलं? नगरसेवकाला पाच वर्षांनी घरी बसवता येतं. तुला कोण बसवणार? त्या कंपनीचा मालक निदान सात समुद्रापार हाय. तुमचा मालक रविवारी माझ्या शेजारी जेवायला बसतो.’

कंपनीला आपण दिसतच नाही. लहान सर्व्हरवर सगळेच एकमेकांना दिसतात आणि तिऱ्हाईत कोणी उरत नाही. मी पहिल्यातून सुटायला नहर काढली आणि दुसऱ्यात अडकले. त्याचा मुद्दा बरोबर होता. त्याने टाकलेला फोटो बरोबर नव्हता.

म्हणून कलम ६ ला अटी जोडते. (अ) देखरेख करणारे तिघे असावेत, दरवर्षी सदस्यांनी मतदान करून निवडावेत. कहकशा हरली तर चाव्या जिंकणाऱ्याला देईल, सर्व्हर तिच्याकडे राहील. (आ) तिघांपैकी एक तरी शहराबाहेरचा असावा. (इ) फोन करून वाचून दाखवण्याची पद्धत कायम राहील. (ई) शहराचे नाव जो जे लिहील ते तसेच राहील, जुने असो वा नवे. दुसऱ्याचे नाव दुरुस्त करणारा मजकूर काढावा. या कागदावर मी सरकारी नाव लिहिले आहे, कारण हा सरकारी कामाचा कागद आहे. कहकशा पत्र पाठवील तेव्हा पाकिटावर जुने लिहील. टपाल दोन्हीचे पोचते.

या निवडणुकीत शिवराजलाही उभे राहता येईल. फ्लेक्स लावता येणार नाही.

कलम ७. जे माझे नाही ते मी मृत्युपत्राने देऊ शकत नाही. नहरचे नाव माझे नाही.

सर्व्हर घर असेल तर नाव हा पत्ता आहे. ३१ मार्चला पत्ता सुटला तर सर्व्हर चालू राहील, पण चारशे जणांपैकी कोणालाही सापडणार नाही. इतर सर्व्हरवरून येणारे संदेश परत जातील. थोड्या दिवसांनी ते नाव बाजारात येईल आणि कोणीही घेईल, अगदी कोणताही पक्ष. लोक जुन्या सवयीने तिथे जातील आणि ती नहरच आहे असे समजून वाचतील. मी असले तर नवे नाव घेऊन प्रत्येकाला कळवू शकेन. मी नसले तर कहकशाला ते एकटीने करावे लागेल, आणि तिच्यावर विश्वास ठेवू नका असे सांगणारा माणूस जुन्या पत्त्यावर बसलेला असेल.

शिवराज हे मुद्दाम करील असे मी म्हणत नाही. नुसते भरायचे विसरला तरी हेच होईल.

त्याची बाजू नोंदवते, म्हणजे पुढे कोणी त्याला न विचारता ठरवू नये. संघपालने फोन केला तेव्हा मी आणि कहकशा ऐकत होतो, आणि शिवराजला ते सांगितलेले होते. संघपालने मजकूर वाचला. पर्यटकांना सांगतो तसा, सावकाश.

शिवराज म्हणाला, ‘बरं वाचतो रे. लेण्यात शोभल.’

‘राहू द्यायचं का काढायचं, शिवराजभाऊ?’

‘असू दे. मी खोटं काय लिवलं? माणसं बाहेरचीच हायेत. दुकानात बसून बघतोय मी. एक तोंड वळखीचं नाय.’

‘काढतो मग मी.’

‘काढ. तुझ्या हातात हाय आज.’

काढलेल्या प्रत्येक मजकुराची प्रत आम्ही ठेवतो. ती ठेवताना मी फोटो मोठा केला. रांगेत पाठमोरी तिसरी बाई आमची आई आहे. फर्दापूरहून चौघींबरोबर एस्टीने तपासणीला आली होती. दुकानात डोकावली नाही, कारण शिवराज कामात असेल असे तिला वाटले.

मी हे शिवराजला सांगितले नाही. आईला फक्त फोटो दाखवला. पुढच्या रविवारी जेवताना ती म्हणाली, ‘शिवा, त्यो फोटू तू काढला व्हय?’

‘कोणता?’

‘चष्म्याच्या दुकानापुढचा. मी हाय की त्यात. पदर धड नव्हता माझा, सांगायचं तरी.’

शिवराजने ताटातली भाकरी मोडली.

‘बाहेरून आणल्या म्हणून लिवलं म्हणं. खरंच हाय ते. एस्टीनं आणल्या.’

‘आई, तुला नव्हतं ते.’

‘मग कुणाला व्हतं? वळखून ठिवा म्हणला लोकान्ला. तूच वळखलं नाय.’

बाबांनी भाजी मागितली. विषय तिथे थांबला. आई आता चांदपाशांनी दिलेला चष्मा लावते आणि शिवराजकडे गेली की तो काढून ठेवत नाही. शिवराज त्यानंतर डोमेनविषयी बोललेला नाही. भरतो असेही नाही, सोडतो असेही नाही. गप्प बसण्याचा अर्थ मी लावत नाही.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी संघपालने करावी. त्याला यात काही दिलेले नाही, म्हणून तो साक्षीदारही आहे. पुण्याच्या सर्व्हरला त्याने एकदा पत्र लिहावे: फोटो दीड दिवस का राहिला, आता नियम काय आहे. जोडणी पुन्हा करा असे म्हणू नये. ते त्यांचे त्यांनी ठरवावे.

वरील सर्व मी लिहिले, दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून दाखवले आणि मग सही केली.

सही: अपेक्षा सोमनाथ गव्हाणे

साक्षीदार:
१. संघपाल भीमराव साळवे, फर्दापूर
२. कडुबा रामभाऊ पांढरे, सिडको (घरमालक. सही करताना त्यांचे म्हणणे पडले की एवढ्याशा वयात असले कागद करू नयेत. ते त्यांच्या विनंतीवरून नोंदवले.)

स्थळ: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ९ मार्च २०२६

प्रत: शिवराज सोमनाथ गव्हाणे. बाकीची कलमे मी मेल्यावर लागू होतात. कलम ७ तोपर्यंत थांबू शकत नाही, म्हणून ही प्रत आजच देत आहे.

दादा, नहरचे नाव कहकशाच्या खात्यावर करून देशील की नाही, एवढेच कळव. त्याला तुझ्या फोनवरून दहा मिनिटे लागतील. कसे करायचे ते मागच्या पानावर लिहिले आहे. नाही म्हणालास तर कारण विचारणार नाही, मी लगेच नवे नाव घेऊन लोकांना कळवायला लागेन. त्यासाठी मला दवाखान्यात जाण्याआधीचे दिवस हवेत. उत्तर आधी लिही, मग फोन करून मला वाचून दाखव. बुधवार, १८ मार्च, पाडव्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत.