रस्त्यावरचं रस्त्यावर

प्रिय अहो आई,

एवढा मायना लिहून बराच वेळ नुसती बसून राहिले. माझी ती 'आई' आणि तुम्ही 'अहो आई', असं आठ वर्षं सुरळीत चाललं होतं. आता कागदोपत्री तुम्ही माझ्या कोणीच नाही, मग हाक काय मारायची? 'काकू' लिहून पाहिलं आणि खोडलं. शेजारच्या वाटायला लागलात. शेवटी जिभेला जे वळण पडलंय तेच राहू दिलं. तुम्हाला आवडलं नाही तर पुढे वाचू नका. पण वाचाल, मला माहीत आहे. औषधाच्या बाटलीवरचं मुंगीएवढं अक्षरसुद्धा वाचल्याशिवाय तुम्ही झाकण उघडत नाही.

मी बरी आहे. दातांच्या लॅबच्या मागच्याच गल्लीत तिसऱ्या मजल्यावर खोली घेतली आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीचे जिने दिसतात, आणि कोण धापा टाकत चढतंय ते पाहण्यात माझी संध्याकाळ बरी जाते. काम तेच, लोकांच्या कवळ्या घडवायच्या आणि घासायच्या. परवा एक आजोबा कवळी परत घेऊन आले. म्हणाले, हिच्यामुळे माझं हसू खोटं वाटतं. मी म्हटलं, आजोबा, दात माझे आहेत, हसू तुमचंच आहे. ते हसले आणि कवळी घेऊन गेले. हे तुम्हाला सांगावं असं दिवसभर वाटत राहिलं. असं रोज काहीतरी साठतं, आणि ते कुठे रिकामं करायचं ते कळत नाही.

पळणं सोडलेलं नाही. एकटी पळते, आणि वाईट पळते. आपले कोच म्हणतात, तू फार जोरात सुटतेस आणि नंतर फरपटतेस, बोलता येईल इतक्याच वेगाने पळ. त्यांचं बरोबर आहे, पण बोलू कुणाशी? विजेच्या खांबाशी?

आठवतं का, तुम्हाला डॉक्टरांनी साखरेसाठी नुसतं चालायला सांगितलं होतं. मी सोबत म्हणून आले. चालता चालता तुम्हीच कंटाळलात आणि म्हणालात, जरा पळून बघू या का? मी तुमच्या वयाकडे बोट दाखवलं, तर तुम्ही म्हणालात, चाळीस वर्षं शिलाईच्या मशीनवर पाय चालवलेच की, फक्त जागेवरून हलले नाही एवढंच. खालच्या मजल्यावरचे काका तर पहिल्या दिवशी फाटकाशी उभे राहून म्हणाले, सून पुढे आणि सासू मागे, काय केलं हिने? साठी बुद्धी नाठी म्हणणारेही निघाले. पुढे तीच मंडळी आपल्याला पाहून घड्याळ लावायला लागली.

बाकीच्या पळणाऱ्यांच्या मनगटावर ठोके मोजणारी घड्याळं होती. आपल्याकडे तुमची गिऱ्हाइकं होती. दोन मापांच्या मध्ये जाड झालेली नवरी, गेलेल्या बायकोचा कोट स्वतःच्या मापाचा करून मागणारे ते गृहस्थ, एकाच कापडाचे कपडे शिवून घेऊन नंतर एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या त्या दोघी बहिणी. तुमचं वाक्य मधेच तुटलं की मी वेग कमी करायची, आणि गोष्ट पुन्हा सरळ चालायला लागली की वाढवायची. कालव्याकाठचा तो सगळा रस्ता मला तुमच्या गिऱ्हाइकांच्या नावानेच लक्षात आहे. हळूहळू गोष्टी जवळच्या होत गेल्या. सासरे गेले त्या वर्षी तुम्ही काय काय सोसलं, ते तुम्ही मला लांबच्या पुलाच्या चढावर सांगितलंत. परत येताना फाटक दिसलं तसं थांबून म्हणालात, रस्त्यावरचं रस्त्यावर हं. यातलं काही घरात आणायचं नाही. मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा मला किती अभिमान वाटला होता म्हणून सांगू. सासूने सुनेला असं काही द्यावं, हे माझ्या मैत्रिणींना खरंसुद्धा वाटलं नसतं.

तो नियम आपण दोघींनी डोळ्यांत तेल घालून पाळला. फाटकाच्या आत आलं की बूट निघायचे आणि तोंडं मिटायची. रस्त्यावर मैत्रिणी, घरात सासू-सून. मीठ कुठे आहे, गॅस बंद केला का, टॉवेल वाळलाय का, एवढंच.

तुमच्या मुलाविषयी वाईट लिहायला हे पत्र नाही. तो वाईट नाहीच. आमचं भांडणसुद्धा कधी झालं नाही, कारण भांडायला माणूस समोर लागतं. तो यायचा, जेवायचा, कानात ते गाण्याचं लावून खुर्चीत बसायचा. काय बोलू ते मला सुचेना आणि त्याला गरज वाटेना. हे मी तुम्हाला सांगितलं ते त्याच कालव्याकाठी. तुमची गोष्ट मधेच तोडून मी म्हणाले की आमच्यात आता किल्ल्या आणि किराण्याखेरीज शब्द उरलेला नाही, मला हे घर सोडायचं नाहीये, पण कुणीतरी त्याला गदागदा हलवायला हवं आणि माझ्या हाताने तो हलत नाही. तुम्ही पळत राहिलात. थोड्या वेळाने म्हणालात, श्वास सांभाळ, पुढे चढ आहे. घरी आल्यावर तुम्ही अंडी उकडलीत, तिघांना वाढलीत. मी त्याच्याकडे पाहत होते आणि चोरून तुमच्याकडे. आता बोलाल, मग बोलाल. तुम्ही मिठाची डबी माझ्याकडे सरकवली.

त्यानंतरही मी सांगितलं, एकदा नाही, पुष्कळदा. प्रत्येक वेळी तुम्ही सगळं ऐकलंत, एकदा तर पळता पळता माझा हातही धरलात. आणि प्रत्येक वेळी फाटकाच्या आत आल्यावर अंडी उकडली गेली. मी मनाशी म्हटलं, आपलेच दात आणि आपलेच ओठ, बाई बोलणार तरी कशी? सुनेसाठी पोटच्या पोराला कोण दुखावतं? असं म्हणून मी हळूहळू मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं.

खरं कारण कळलं ते निघायच्या दिवशी. माझ्या पिशव्या जिन्यात होत्या, तो खाली गाडीपाशी थांबला होता. तुम्ही दाराची चौकट धरून उभ्या होतात आणि म्हणालात, अगं, घरात एकदा तरी म्हणाली असतीस. तू सगळं रस्त्यावर सांगितलंस, ते मी घरात कसं आणू? तुला चाललं असतं का? मी पिशव्या उचलल्या आणि जिना उतरले. म्हणजे मी वाट पाहत होते तुम्ही नियम मोडायची, आणि तुम्ही वाट पाहत होतात मी परवानगी द्यायची. दोन शहाण्या बायका, एका स्वयंपाकघरात, एकमेकींना दिलेला शब्द सांभाळत बसल्या आणि त्यात घर निघून गेलं. इतकं प्रामाणिक राहायला आपल्याला कुणी सांगितलं होतं?

तुम्ही त्याला बोलला असतात तर संसार टिकला असता, असं मी म्हणत नाही. कदाचित तो चार दिवस कानातलं काढून बसला असता आणि त्याने ते पुन्हा घातलं असतं. हे सगळं वरातीमागून घोडंच आहे. पण मला नवरा गेल्याचं जितकं वाटतं त्याहून जास्त तुमचं वाटतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नाही. लोक विचारतात, त्याची आठवण येते का? सासूची येते म्हटलं तर हसतील. सकाळी बुटांच्या नाड्या बांधताना माझे डोळे भरतात, अहो आई. शेजारी दुसऱ्या बुटांची जोडी नसते.

आता लिहायचं कारण. काल कोचांचा फोन आला होता. आपण दोघींनी नावं दिलेल्या रविवारच्या हाफ मॅरेथॉनमधून तुम्ही तुमचं नाव काढायला सांगितलंत म्हणे. त्यांच्या पोटात काही राहत नाही, त्यामुळे कारणही कळलं. शर्यत संपते त्या कमानीपाशी तो उभा राहणार आहे, आणि सोबत ती. मला ते पाहायला लागू नये म्हणून तुम्ही येत नाही, आणि माझ्याशिवाय तुम्हाला पळायचं नाही. त्याचं तिच्याशी जुळलंय, ते मला माहीत आहे. चांगली आहे असं ऐकते, बोलकी आहे, तर बरंच आहे. तुम्ही नाव काढू नका. इतकी वर्षं बसून काढल्यावर तुम्ही एवढं पळायला शिकलात, ते आमच्या दोघांच्या पायी वाया जायला नको. मी सुरुवातीपासून तुमच्या डाव्या बाजूला असेन. तुम्ही गोष्टी सांगा, मी वेग सांभाळते. पोस्टाच्या इमारतीशी शेवटचं वळण आहे, तिथून कमान दिसते. तिथे मी गल्लीत वळेन, तुम्ही सरळ जा. तो तुम्हाला जवळ घेईल, ती पाणी देईल, कुणीतरी फोटो काढेल. त्या फोटोत मी असून चालणार नाही, आणि नंतर त्यातून मला कापलेलं सोसणार नाही. निकालात माझ्या नावासमोर 'पूर्ण केली नाही' असं येईल, येऊ दे. तुम्ही मात्र पूर्ण करा, आणि कमानीखाली माझ्यासाठी वळून पाहू नका. तेवढं एक सोडलं तर बाकी सगळा रस्ता आपला आहे. रविवारी याल ना?

तुमचीच,
मी