मुठीतला बर्फ

बाई,

आज दुपारी मी घरात थंड चहा केला. सून म्हणाली, "आई, उकाडा फार आहे, गरम नको," आणि फ्रीजमधला बर्फ तिने ओट्यावर आणून ठेवला. जळगावच्या पिंप्राळ्यातलं हे घर तुम्ही कधी पाहिलं नाही. पाहिलं असतंत तर आधी मोरी घासलेली आहे का ते बघितलं असतंत. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा मला आता सलग आठवत नाही. चष्मा आठवतो, कडक इस्त्रीचं पातळ आठवतं. आवाज मात्र अख्खा आठवतो, कारण तो कधी चढला नाही. तुम्ही मला जे जे केलंत ते सगळं त्याच शांत आवाजात केलंत.

थंड चहा मी तुमच्याच धुळ्याच्या घरात शिकले. ही बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीच्या उन्हाळ्यांची गोष्ट. सातपुड्याच्या पायथ्याच्या आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत. पुढचं शिक्षण शिंदखेड्याला नाहीतर धुळ्याला. तुम्ही एकट्या राहत होतात, मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होतात, आणि घरकामाला मुलगी हवी होती. आबांना कुणीतरी सांगितलं, पोरगी हुशार आहे, बाईंकडे ठेव. काम करील आणि शिकेल. आबांनी मला एसटीने आणून तुमच्या ओसरीवर बसवलं आणि तुमच्या पायाला हात लावला. तुम्ही पाय मागे घेतलात. मला वाटलं, संकोचाने घेतलात.

खोटं कशाला लिहू, पायातली पहिली चप्पल मला तुम्हीच घेऊन दिलीत. कविता तुमच्यासारखी वाचून दाखवणारं मला पुढे कुणी भेटलं नाही. तुम्ही वर्गात वाचायला लागलात की शेवटच्या बाकावरच्या मुलीसुद्धा वेण्यांशी खेळायच्या थांबायच्या. त्याच बाई घरी आल्या की चप्पल काढताना विचारायच्या, "चहा झाला का?" आणि मी हातातलं टाकून स्वयंपाकघरात पळायची.

त्या चहाची तऱ्हा तुम्ही मुंबईच्या कुणा नातलगाकडून आणली होती. मार्च लागला की घरातला गरम चहा बंद. शाळेतून येताना मी बर्फाच्या कारखान्यातून लादीचा तुकडा आणायचा, लाकडाच्या भुशात घालून, गोणपाटात गुंडाळून. घरी येईपर्यंत त्यातलं पाणी पोटऱ्यांवर ठिबकायचं. त्या उन्हात तेवढंच एक सुख होतं, म्हणून मी गोणपाट अंगाशी धरून चालायची. मग आलं ठेचायचं, लवंग, वेलदोडा, चार मिरे आणि चिमूटभर बडीशेप थोड्या पाण्यात उकळायची, पाणी आटत आलं की चहाची पूड नेहमीपेक्षा सढळ हाताने टाकायची. बर्फ वितळला की पाणी वाढतं, म्हणून चहा आधीच जिभेला चावेल इतका कडक हवा. साखर गरम असतानाच विरघळवायची. दूध वेगळं तापवून गार होईपर्यंत ढवळत बसायचं, साय धरू द्यायची नाही. सायीचा एवढासा पापुद्रा पेल्यात दिसला की तुम्ही उठायचात, पेला मोरीत ओतायचात आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसायचात. मी पुन्हा आलं ठेचायला घ्यायची.

सायीचं मला लवकर जमलं. बोलण्याचं जमेना. पहिल्याच उन्हाळ्यात एकदा मी घाईने सांगायला आले, "बाई, बठ्ठा बरफ पानी व्हई गया." सगळा बर्फ वितळला, एवढंच मला सांगायचं होतं. तुम्ही वहीतून मान वर केलीत. "काय झालं?" मी तेच पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने, कारण मला वाटलं तुम्हाला ऐकू आलं नाही. तुम्ही स्वयंपाकघरात आलात, भुशात उरलेला खडा बोटांनी शोधलात, धुतलात, माझ्या तळहातावर ठेवलात आणि माझी बोटं एकेक करून मिटवलीत. "सगळा बर्फ वितळला. म्हण. नीट येईपर्यंत मूठ उघडायची नाही."

आधी गार वाटतं, बाई. पहिल्यांदा तर मला हसू आलं होतं, वाटलं खेळ आहे. मग हाड दुखायला लागतं, मग चटका बसल्यासारखं होतं, आणि मग हात आपला नसल्यासारखा होतो. माझ्या तोंडून 'वितळला'मधला 'ळ' निघत नव्हता, 'ल' निघत होता. तुम्ही समोर स्टुलावर बसून थंड चहा पीत होतात. घाई तुम्हाला नव्हतीच. मी रडायला लागले तेव्हा म्हणालात, "रडणं शुद्ध आहे. बोलणं तेवढं सुधार."

त्या दिवसापासून ती रीतच झाली. घरात 'आहे'ऐवजी 'शे' म्हटलं की मूठ. 'बठ्ठा' म्हटलं की मूठ. मी बोलणंच कमी केलं. मानेने हो-नाही करायला लागले, तर तुम्ही तेही ओळखलंत आणि मुद्दाम प्रश्न विचारायला लागलात. भाजीवाली काय म्हणाली? शेजारी कोण आलं होतं? मी उत्तर आधी मनात म्हणून बघायची, घासून पुसून बाहेर काढायची. सुट्टीत गावी गेले की माय म्हणायची, ही पोर पाहुण्यासारखी का बोलते? माझ्या मनात दोन्हीकडची भीती बसली होती.

दहावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात आबा मला सुट्टीपुरतं न्यायला आले. तो दिवस तुम्हाला आठवत असेल असं मला वाटत नाही. भर दुपारी दारात उभे, डोक्याला उपरणं, खांद्यावर चारोळीची पिशवी. ती चारोळी मी नसताना मायने आणि बहिणींनी जंगलातून गोळा केलेली, फोडून, निवडून ठेवलेली. घरात शाळेतल्या तुमच्या दोन मैत्रिणी बसल्या होत्या. तुम्ही पिशवी घेतलीत, नाकाशी नेलीत, बाजूला ठेवलीत आणि मला म्हणालात, "यांनाही दे ना थंड चहा. काचेच्या पेल्यात दे." मला खरंच आनंद झाला. तुम्ही आबांना ओसरीवर न ठेवता आत जमिनीवर का होईना बसवलंत, हे मला फार मोठं वाटलं. मी बर्फ निवडून घातला.

आबा पेला हातात घेऊन बघत बसलेले मला दिसतात. बर्फ काचेवर वाजतो. ते विचारतात, "हाई काय शे, पोरी?" मी सांगते, बर्फ आहे. ते चहा एका दमात पितात, मग बोट घालून बर्फाचा खडा बाहेर काढतात, उजेडात धरतात, आणि उपरण्याचं टोक सोडून त्यात बांधायला लागतात. "तुनी मायले दखाडासाठे लई जास," म्हणतात. मायला दाखवायला नेतो. तिने बर्फ कधी पाहिलेला नाही. त्यांनीही नव्हता पाहिला.

तुमच्या मैत्रिणींनी पदर तोंडाला लावला. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही उठलात, मोठा खडा आणलात आणि आबांच्या समोर धरलात. "हा घे, बाबा. तो फार लहान आहे. घट्ट बांध, म्हणजे गावापर्यंत टिकेल." आबांनी दोन्ही हात पुढे करून तो घेतला. तुम्ही माझ्याकडे बघून हळूच म्हणालात, "तू काही बोलू नकोस."

मी बोलले. शुद्ध बोलायचं सुचलंच नाही. "आबा, सोडी द्या. ते वाटमा पानी व्हई जाई. ते घरलोंग पोचाव नही." आबा थांबले. उपरण्याला ओल आली होती, ती त्यांनी चिमटीत धरून बघितली, आणि मग सगळ्यांकडे बघून हसले, लहान मुलासारखे, आपली चूक आपणच हसण्यावारी नेतात तसे. एवढ्यावर ते संपलं असतं, बाई. तुम्ही संपू दिलं असतं तर.

पण तुम्ही तो ओला खडा आबांच्या हातातून घेतलात आणि माझ्या हातावर ठेवलात. "पुन्हा सांग त्यांना. नीट सांग." मी मूठ मिटली. सवयीने मिटली, हे मला अजून खुपतं. आणि म्हणायला लागले, "आबा, तो वाटेत वितळून जाईल." तुम्ही म्हणालात, "पुन्हा." मी पुन्हा म्हटलं. तुमच्या मैत्रिणी आता हसत नव्हत्या, एकजण म्हणाली, "जाऊ द्या हो." मुठीतून पाणी कोपरापर्यंत आलं होतं. आबांना आधी कळलं नाही. मग माझ्या तोंडाकडे बघून कळलं. ते उठले, माझा हात धरला, बोटं एकेक करून उघडली आणि तळहात बघितला. पांढरा पडला होता, मधे लाल. "हाई रोजनं शे का?" त्यांनी मला विचारलं. रोजचंच आहे का हे. ते म्हणाले, "चाल. घर चाल."

तुम्ही दारापर्यंत आलात. "नेलीस तर परत आणू नकोस. माझ्याशिवाय हिचं अकरावीचं, मॅट्रिकचं वर्ष कोण करून घेणार?" आबांनी मागे बघितलं नाही. चारोळी तिथेच राहिली. चप्पलही तिथेच राहिली, तुमच्या दाराशी, आणि ती मी मुद्दाम सोडली नव्हती, घाईत राहिली. एसटीच्या थांब्यापर्यंत मी डांबरावरून अनवाणी चालले.

तुमचं म्हणणं खरं ठरलं. अकरावी झाली नाही. आबा शाळेसाठी मला ठेवायला दुसरं घर शोधत होते, तेवढ्यात पावसाने पाठ फिरवली आणि दुष्काळ आला. मी माय आणि बहिणींबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले. आबा संध्याकाळी माझ्याशेजारी बसायचे आणि म्हणायचे, "मी तुले लई ऊनू, चुकनू का?" तुला घेऊन आलो, चुकलो का. मी म्हणायची, नाही. दर वेळी नाही म्हणायची. ते खरं होतं की नव्हतं ते मी ठरवू शकले नाही, आणि आबा जाईपर्यंत विचारायचे थांबले नाहीत. तुम्ही त्या दुपारी पाच मिनिटं गंमत केलीत. माझ्या बापाला ती जन्मभर पुरली.

नंतर लग्न झालं, जळगावला आले. धाकटा कडेवर असताना एका लग्नाला धुळ्याला गेले होते, तिथे मांडवात तुम्ही भेटलात. केस पांढरे झाले होते. मी वाकून नमस्कार केला. तुम्ही पाय मागे घेतले नाहीत. "काय करतेस?" "जळगावला असते, बाई. यांचं सायकलचं दुकान आहे. मुलं लहान आहेत, वेळ जातो." एवढंच बोलले. अकरावीचं तुम्ही विचारलं नाहीत, आबांचं विचारलं नाहीत. शेजारच्या बाईंकडे वळून म्हणालात, "ऐकलंत? रानातली पोर होती. माझ्याकडे राहिली म्हणून अशी बोलते. एक शब्द चुकीचा नाही." आणि माझ्या खांद्यावर थाप दिलीत.

त्यानंतर आपण भेटलो नाही. तुम्ही गेल्याचं मला फार उशिरा कळलं. हे लिहून झालं की कागद फाडून चुलीत घालणार होते, पण घरात आता चूल नाही, गॅस आहे. ठेवीन कुठेतरी कपड्यांखाली. आबांना त्या मांडवातलं मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना राग आला असता, आणि मला राग आला होता का, असंही त्यांनी विचारलं असतं. नव्हता आला. धुळ्याहून जळगावपर्यंत एसटीत पोराला मांडीवर घेऊन मी तुमचं 'एक शब्द चुकीचा नाही' हे वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि मला फार बरं वाटत होतं.