पाटावरचा ठेका

मंगळवार, कार्तिक शुद्ध पंचमी. सायंकाळ.

आज नातीला, अवनीला, धंतोलीतल्या वाचातज्ज्ञ बाईंकडे नेले. तिला नववे लागले, बोलताना अजून अडखळते. बाईंनी ढोलकीचे दोन-दोन ठेके ऐकवून विचारले, "सारखे की वेगळे?" अवनी बहुतेक वेळा "सारखे" म्हणाली. मला तर भेद उघड ऐकू येत होता. बाई म्हणाल्या, "आजोबा, अडखळणाऱ्या काही मुलांना लयीतला फरक पकडणं जड जातं. तो निष्काळजीपणा नव्हे."

निष्काळजीपणा हा माझाच शब्द. दोन वर्षे तिचा श्लोकांचा पाठ घेताना लघु-गुरू कळावेत म्हणून पाटावर बोटांनी ठेका धरला, आणि म्हणत राहिलो, कान दे, नीट कान दे.

परतताना ऑटोत विचारले, "बेटा, पाटावरचा ठेका तुला कळतच नव्हता काय?"

"ठेका?" ती म्हणाली. "म-म-मले वाटे, आबा, तुम्हाले राग येऊन राहिला म्हणून ठोकता."

ऑटोवाला हसला. बहुधा मीही हसलो.

दुःख व्हायला हवे. होत नाही. नुसता पाट डोळ्यांपुढे येतो. इतके अध्ययन केलेल्या मला दोन वर्षे काय ऐकू येत होते?

रोज पूजेअखेर देवाजवळ अपराधांची क्षमा मागतो. ती क्षमाप्रार्थना संस्कृतात मुखोद्गत आहे. आज दिवेलागणीला अवनीजवळ मराठीत मागायला बसलो, तर पहिले अक्षर निघेना. ती समोर बसून राहिली. तिने घाई केली नाही.